हातगुण

२ फेब्रुवारी

दादा,

फोन केला की वहिनी सांगते, हे आंघोळीला गेलेत. सकाळी अकराला, दुपारी तीनला, काल संध्याकाळी सहाला. एवढा स्वच्छ माणूस आपल्या घरात आजवर झाला नव्हता. म्हणून पत्र लिहितेय. निदान ते टेबलावर पडून तरी राहील.

संगणकावरच्या खेळातलं तुझं खातं बंद झालं त्या दिवशी तू फोन केला होतास. ‘‘चिमटे, मी काही केलेलं नाही गं. तुझीच कंपनी आहे, तू तरी सांग त्यांना.’’ मी ‘बघते’ म्हणाले. त्याला आता चार आठवडे होतील.

बघितलं. झालं ते असं. तू बनवलेल्या जखमेच्या पट्ट्या इतरांच्या पट्ट्यांपेक्षा वेगळ्या वागतात, असं आमच्या तपासणीत आढळलं. गडी जखमी होऊन पडला की त्याच्यावर पट्टी टाकायला सगळ्यांना दोन सेकंद मिळतात. नाहीतर पट्टी निसटते आणि वाया जाते. तुझ्या पट्ट्या सहा सेकंद थांबत होत्या. त्याची चौकशी झाली, अहवाल आला आणि नियमाप्रमाणे खातं बंद करण्यात आलं. निर्णय वरून झाला. वस्तू वापरल्यावर काय व्हावं ते मी लिहिते, हे तू सगळ्यांना कौतुकाने सांगायचास, ‘‘आमची चिमटी औषधाच्या बाटल्यांना कामं शिकवते.’’ पण कुणाचं खातं ठेवायचं आणि कुणाचं काढायचं, हे माझ्या टेबलावर येत नाही.

खेळातल्या चौकात फलकावर तुझ्या तिथल्या नावाने ‘वैद्यबुवा: फसवणूक’ असं लावलंय, ते उतरवता येईल का, विचारून ठेवते. लोक काय, चार दिवसांत विसरतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी खेळच आहे तो.

गोळ्या वेळेवर घेतोस ना? बोटांचे व्यायाम सोडू नकोस.

तुझी
चिमटी


१९ फेब्रुवारी

दादा,

परवा वहिनीने आपण होऊन फोन केला. मी विचारलं, पत्र मिळालं का त्याला? म्हणाली, ‘‘मिळालं. वाचलं. सरकारी आहे म्हणाले.’’

मग म्हणाली, तू संगणकावर चादर टाकून ठेवलीस. तेही मी ऐकून घेतलं. पण त्यानंतर तिने सांगितलं की तुझं भिंग, बारीक चिमटे, पेचकसांची पितळी पेटी, सगळं तू कोपऱ्यावरच्या त्या नव्या घड्याळजीला देऊन टाकलंस. घड्याळांचं दुकान बंद करून तीन वर्षं झाली तरी ती पेटी तू कुणाला हात लावू दिली नव्हतीस. वहिनीने विचारलं, अहो, असू द्या की आठवण म्हणून. तर म्हणे तू म्हणालास, ‘‘चोराच्या हातात हत्यारं शोभत नाहीत.’’

दादा, तू चोर नाहीस. हे मला जेवढं माहीत आहे तेवढं जगात कुणाला माहीत असणं शक्य नाही. पट्टीत ती सहा सेकंदांची ओळ मी घातली.

आता सगळं सांगते. गेल्या वर्षी मेमध्ये मीच तुला या खेळात ओढलं. नुसता बसून राहतोस, हात थरथरतात म्हणून कुणाकडे जात नाहीस, म्हटलं इथे तुझे हात कुणाला दिसणार नाहीत. तू हसलास, ‘‘पन्नाशीत मला गोट्या खेळायला लावतेस होय?’’ आणि वैद्य झालास. मला वाटलं होतं तू शेती घेशील, निवांत बसून कोबी लावशील. पण तुला माणसं दुरुस्त करायची होती.

पहिल्या आठवड्यात मी ऑफिसच्या खात्यावरून तुझ्या टोळीच्या मागे मागे फिरत होते. एका लढाईत तुझ्या एकोणीस पट्ट्या निसटलेल्या मी पाहिल्या. तू पट्टी उचलायचास, गड्यावर न्यायचास, माउसचा बाण थरथरत डावीकडे उजवीकडे व्हायचा आणि दोन सेकंद संपायचे. ‘पट्टी निसटली.’ हे वाक्यही मीच लिहिलंय, सहा वर्षांपूर्वी, चहा पिता पिता. तुमच्या टोळीतले काय काय बोलत होते तेही वाचलं. ‘‘वैद्य कसला, यमाचा एजंट आहे.’’ ‘‘बुवा, पट्टी राहू द्या, आधी आमचं मृत्युपत्र लिहून घ्या.’’ तू प्रत्येकाला उत्तर देत होतास, ‘माफ करा, पुढच्या वेळी नक्की.’ घड्याळ दोन दिवस उशिरा दिलं तर गिऱ्हाइकाला म्हणायचास, अगदी तसंच.

त्या शुक्रवारी बेचाळीस वस्तूंचा एक मोठा बदल खेळात जायचा होता. त्यात मी एक ओळ घातली: पट्टी बनवणारा वैद्यबुवा असेल तर थांबायचे सेकंद सहा. बस. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आणि मग तू फोन करायला लागलास. ‘‘चिमटे, बोटं ऐकायला लागली गं.’’ ‘‘आज एकही निसटली नाही.’’ ‘‘डॉक्टरांना सांगितलं, तुमच्या गोळीपेक्षा हा खेळ बरा.’’ दर फोनला मी म्हणायचे, अरे वा.

तुला बरं वाटावं एवढंच मनात होतं. देवाशपथ एवढंच होतं.

तुझी
चिमटी


६ मार्च

दादा,

वहिनीने सांगितलं. तू पत्र उभ्यानेच वाचलंस, घडी घालून परत पाकिटात ठेवलंस आणि म्हणालास, ‘‘म्हणजे हात नव्हताच.’’

मी डायरी लिहिते हे तुला माहीत आहे. रोज झोपायच्या आधी नाही, रोज जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात बसून. या आठवड्यात डायरीत काही उतरलं नाही. मागच्या पत्राची कच्ची प्रत तेवढी पुन्हा पुन्हा वाचली. त्या पत्रात मी किती चांगली दिसते! भावाचे हाल न बघवलेली बहीण. पोस्टात टाकण्याआधी ते मी चार वेळा वाचलं होतं, आणि कशासाठी वाचत होते ते आता कळतंय. आरशात बघावं तसं बघत होते मी.

त्यात जे नाही ते असं.

ओळ घालताना तुझ्या खात्याचा नंबर घातला असता तर सवलत फक्त तुझ्या वापरापुरती राहिली असती. पण खात्याचा नंबर उघडा पडतो, कुणीही विचारलं असतं, हा कोण? पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव असतंच. निष्णात कारागिरांच्या वस्तूंना वेगळा रंग देणाऱ्या आठदहा ओळी तिथे आधीपासून होत्या, त्यांच्यात माझी ओळ मिसळून गेली. लपायला जागा चांगली होती, म्हणून मी सवलत पट्टी वापरणाऱ्याला न देता बनवणाऱ्याला दिली. आणि हे करताना एवढं विसरले की तू बनवलेलं तुझ्याजवळ कधी राहतच नाही. चाळीस वर्षं ओळखते मी तुला. शाळेत असताना तुझी कंपासपेटी वर्गात फिरायची. खेळातही तू तासन्‌तास बसून पट्ट्या विणायचास आणि मागेल त्याला वाटायचास. मग लोकांच्या लक्षात आलं की बुवांची पट्टी निसटत नाही. ‘बुवांचा हातगुण’ म्हणायला लागले. तुझ्या झोपडीसमोर रांग लागली त्या दिवशी तू मला म्हणालास, ‘‘अगं, सोळा जण उभे होते! दुकानात कधी एवढी गिऱ्हाइकं नव्हती.’’

तेव्हा थांबवता आलं असतं. तेव्हाही मी अरे वा म्हणाले.

आमच्याकडे वस्तू तपासणारी एक मुलगी आहे, तिला सगळे चाळणी म्हणतात, कारण तिच्यातून खडा सुटत नाही. तिने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुझी एक पट्टी आणि दुसऱ्या कुणाची एक पट्टी शेजारी शेजारी ठेवून वेळ मोजली. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘‘वस्तू तुमच्या, तेव्हा तुम्हीच सांगा हे कसं झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन परिच्छेद द्या.’’

दादा, ज्या अहवालाबद्दल मी तुला ‘अहवाल आला’ असं लिहिलं होतं, तो मी लिहिला. पावणेअकरापासून साडेबारापर्यंत. त्यात मी म्हटलंय की वापरकर्त्याने बाहेरून वस्तूच्या माहितीत फेरफार केल्याचं दिसतं. खाली माझी सही आहे. आणि त्याच दुपारी ‘दुरुस्ती’ म्हणून ती ओळ मी काढून टाकली. अकरा वर्षं मी तिथे आहे, माझं काम उघडून बघावं असं कुणाला वाटलं नाही.

तू फोन केलास तेव्हा तो कागद माझ्या समोर होता. ‘बघते’ म्हणाले ते त्याच्याकडे बघतच.

मला काय भीती होती ते मी स्वतःला विचारलं. नोकरी जाईल ही भीती होती, पण ती दुसरी. पहिली ही, की साहेब म्हणतील, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. माझ्याकडून लोकांच्या नेहमी अपेक्षा असतात, दादा, आणि त्या मला फार आवडतात. त्या वाचवायला मी तुझा बळी दिला.

आणखी एक. तू एकदा म्हणाला होतास, ‘‘कुणी बघत नसलं की माझा हात बरा चालतो.’’ तेव्हा मी बघत होते. ते सगळे सात महिने, आठवड्यातून दोनतीनदा तरी, मी तुझ्या मागे उभी असायचे.

सोमवारी साहेबांना सांगणार आहे. हे आधी तुला लिहितेय ते अशासाठी, की सोमवारी पाय मागे घेतला तर हे पत्र तुझ्याकडे असेल. तू कंपनीला पाठवू शकतोस. पत्ता मागे लिहिलाय.


२४ मार्च

दादा,

सांगितलं. सोमवारी नाही, मंगळवारी. सोमवारी साहेब रजेवर होते आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडले नाहीत. ‘‘तुमचे भाऊ?’’ एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. ‘‘सख्खे?’’ मी पुन्हा हो म्हणाले. शेवटी म्हणाले, नोकरी राहील, पण यापुढे मी लिहिलेली कुठलीही ओळ चाळणीने वाचल्याशिवाय खेळात जाणार नाही.

मला वाटलं होतं चाळणी तोंडावर काही बोलणार नाही. पाणी भरायला गेले तिथे गाठलं तिने.

‘‘ताई, एक विचारू?’’

‘‘विचार.’’

‘‘दोन सेकंद सगळ्यांना पुरत नाहीत, हे तुम्हाला मेमध्ये कळलं होतं.’’

‘‘हो.’’

‘‘मग सगळ्यांसाठीच वाढवायचे ना. तुमच्या भावासारखे आणखी किती असतील. माझ्या आजोबांना मी हाच खेळ लावून दिला होता, त्यांनी दोन दिवसांत सोडला. मला वाटलं, म्हातारे आहेत, कंटाळले असतील.’’

मी म्हटलं, त्यासाठी बैठका घ्याव्या लागल्या असत्या, तीन आठवडे गेले असते.

‘‘आणि हे दहा मिनिटांत झालं. बरोबर आहे,’’ ती म्हणाली आणि बाटली भरून निघून गेली. तिने तो विषय साहेबांपुढे मांडलाय. कुणाला किती सेकंद लागतात ते ज्याचं त्याला ठरवता यावं, असं. माझं नाव न घेता.

आता तुझं. तुझं खातं काल उघडलं. तुझ्या सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत, मी कशाला हात लावलेला नाही. पट्टी सगळ्यांसारखीच आहे, दोन सेकंदांची.

राहिला चौकातला फलक. ‘फसवणूक’ उतरवलंय, पण त्या जागी काही तरी लावायला हवं, आणि काय लावायचं ते साहेबांनी माझ्यावर सोडलंय. मी दोन मजकूर लिहिले. पहिल्यात आहे, ‘तांत्रिक चुकीमुळे गैरसमज झाला, वैद्यबुवा निर्दोष आहेत.’ हा वाचून लोक म्हणतील, कंपनी गडबडली, बुवांच्या पट्ट्या खऱ्याच होत्या. तुझा हातगुण राहील. पण ती पुन्हा माझीच लपवाछपवी आहे, पहिली ओळ झाकायला घातलेली दुसरी ओळ. दुसऱ्यात खरं आहे: पट्ट्यांमध्ये कंपनीतल्या एका व्यक्तीने वैद्यबुवांना न कळवता सवलत घातली होती, आणि दोष त्यांच्यावर ढकलला होता. त्याने तू सज्जन ठरतोस आणि रांग लावणारे ते सोळा जण समजून चुकतात की गुण तुझ्या हातात नव्हता.

गेल्या खेपेला तुला न विचारता ठरवलं. या खेपेला विचारतेय. तू सांगशील ते लावेन. काहीच सांगितलं नाहीस तर फलक कोरा राहील.


११ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर लागायला वेळ लागला. तू डाव्या हाताने उजवा धरून लिहिलंस, हे वहिनीने न सांगताही कळलं असतं. ‘खरं लाव. सगळं लाव. आणि त्यातल्या माझ्या किती, तेवढं मला कळव.’

फलक त्याच दिवशी लावला. ‘कंपनीतली एक व्यक्ती’ हे शब्द काढून ‘त्यांची बहीण’ असे घातले, कारण तू सगळं म्हणालास. त्यावर लोकांचं काय काय आलंय ते सांगते, बरं आणि वाईट दोन्ही. एकाने लिहिलंय, ‘बहीण असावी तर अशी, दुश्मनाला असावी.’ दुसऱ्याने म्हटलंय, ‘तरीच! मी म्हटलं बुवा एवढे सुधारले कसे.’ तुमच्या टोळीची म्होरकी, जिला सगळे मावशी म्हणतात, तिने तीन दिवसांनी एकच ओळ टाकली: ‘बुवा परत आले तर आपण सगळे जरा त्यांच्याजवळच पडत जाऊ.’ त्याखाली टोळीतल्या अकरा जणांनी ‘हो’ लिहिलंय.

तू परत खेळायचं की नाही याबद्दल मी काही म्हणणार नाही. खेळलास तर मी बघणार नाही. ऑफिसचं ते खातं मी चाळणीकडे सोपवलंय, पासवर्ड तिने बदललाय.

आता तुझा प्रश्न.

प्रत्येक पट्टी किती सेकंदांत पडली याची नोंद खेळ ठेवतो, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. त्यामुळे सहा सेकंदांची सवलत असतानाही कुठली पट्टी दोन सेकंदांच्या आत पडली होती, म्हणजे माझ्या ओळीशिवायही पडली असती, ते काढता येतं. तू दुसऱ्यांना वाटलेल्या पट्ट्या मी धरलेल्या नाहीत. फक्त तू स्वतः टाकलेल्या धरल्या.

जून ते डिसेंबर मिळून तू एक हजार चारशे आठ पट्ट्या टाकल्यास. त्यातल्या दोन सेकंदांच्या आत पडलेल्या: जूनमध्ये एकशे शहाऐंशीपैकी नऊ. जुलैत अठरा. ऑगस्टमध्ये तीस. सप्टेंबरात चव्वेचाळीस. ऑक्टोबरात अठ्ठावन्न. नोव्हेंबरात एक्याऐंशी. डिसेंबरात दोनशे तीनपैकी एकाहत्तर. डिसेंबरात कमी झाल्यात. का, ते मला माहीत नाही आणि कारण जोडत बसणार नाही.

मला कबूल करायचंय की हे आकडे काढायला बसले तेव्हा बोटं शिवशिवत होती. जूनच्या नवाच्या पुढे एक शून्य दिलं असतं तर तू कुठे तपासायला जाणार होतास? म्हणून आकडे माझ्या हस्ताक्षरात पाठवत नाहीये. सोबत पूर्ण यादी छापून जोडली आहे, बत्तीस पानं, प्रत्येक पट्टीची तारीख आणि वेळ. पानांवर चाळणीची सही आहे, माझी नाही. तू स्वतः मोज, वहिनीकडून मोजून घे, नाहीतर त्या नव्या घड्याळजीला बोलाव. सेकंद मोजणं त्यालाही जमत असेल.

पहिल्या मोजणीत एकूण तीनशे बारा आल्या होत्या. मी तशा लिहूनही ठेवल्या. मग यादी परत बघितली तेव्हा चौदा नोव्हेंबरची एक पट्टी दिसली, ती बरोबर दोन सेकंदांवर पडलेली आहे, दोन पूर्णांक शून्य शून्य. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पट्टीला काम शिकवणाऱ्या ओळींत, ‘दोनपेक्षा कमी’ असं आहे. सहा वर्षांपूर्वी मीच तसं लिहिलंय. ती पट्टी निसटली असती. मी ती तुझ्या बाजूने धरली होती, आणि धरताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ती काढली. तुझ्या तीनशे अकरा.